आठवड्याला ३०० लिटर: सड्याच्या उतारावरच्या आठ वेलींचा उन्हाळा

रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम किलोमीटरभर आत, सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराच्या, उतारावर हे घर आहे. चिऱ्याच्या भिंती, पुढे कौलारू पडवी, मागे नंतर वाढवलेली पत्र्याची शेड आणि समोर सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. खळ्याभोवती आठ वेली आहेत. फाटकाच्या कमानीवर पंधरा-सोळा वर्षांची मधुमालती. मांडवावर पाच वर्षांच्या दोन जुई. न्हाणीच्या मागे जाई. पश्चिमेच्या भिंतीला लोखंडी जाळीवर चढवलेलं कृष्णकमळ. गडग्यावर, म्हणजे रचीव दगडांच्या बांधावर, पसरलेली जुनी बोगनवेल, वईवर (कुंपणावर) निळी गोकर्ण आणि पायरीशी चौदा इंची कुंडीत लसूणवेल.

या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मग ऑक्टोबर सरला की मिरगापर्यंत जवळजवळ काहीच नाही. जांभा हा भोकांचा दगड. त्यावरची माती इथे कुठे हातभर, कुठे वीतभर. पावसाचं पाणी ती धरून ठेवत नाही, खाली सोडून देते. विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी भरपूर असतं. एप्रिल लागला की सकाळी वीस मिनिटांत पंप हवा ओढायला लागतो आणि पाण्याची चव मचूळ होत जाते.

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात सलग तीन दिवस पूर्वेचा वारा जोरात राहिला. एरवी किनाऱ्यावर अकरा-बाराच्या सुमारास खारे वारे आत येतात आणि पारा ३३-३४ च्या पुढे जात नाही. पूर्वेचा वारा जोरावर असला की खाऱ्या वाऱ्याला आत यायला वाट मिळत नाही, दुपार टळेपर्यंत तो अडून राहतो आणि घाटावरून उतरलेली कोरडी गरम हवा थेट समुद्रापर्यंत पोहोचते. म्हणून कोकणात सर्वांत वाईट भाजणं पुष्कळदा मे महिन्यात होत नाही, मार्चमध्ये होतं. रायगडात भिऱ्याला २०१७ च्या मार्चअखेर ४६.५ अंश नोंदले गेले होते. हवामान खातं किनाऱ्यावरच्या ठिकाणांसाठी ३७ अंशांपासूनच उष्णतेची लाट धरतं, अर्थात पारा सरासरीच्या साडेचार अंश किंवा जास्त वर गेला असेल तर. या घरी पडवीतल्या सावलीत ३९.५ दिसले.

वेलींना आकड्याइतकाच हवेचा कोरडेपणाही नडतो. किनाऱ्यावरची वेल दमट हवेत वाढलेली असते. तिची पानं पातळ, मऊ आणि मोठी राहतात, कारण पाणी राखायची तिला गरजच पडलेली नसते. अशा पानावर एका दिवसात सुकी हवा आली की मुळाशी पाणी असूनही ते पानाच्या कडेपर्यंत वेळेत पोहोचत नाही. चौथ्या दिवशी जुईची पानं नेमकी तशी झाली होती. मधली शीर आणि तिच्या बाजूची पट्टी हिरवी, कडा मात्र पापडासारख्या तपकिरी आणि चुरचुरीत. कृष्णकमळाचे तणावे लोखंडी जाळीला जिथे वेटोळे घालून बसले होते तिथेच काळे पडले होते. जाळीपासून हवेत लोंबणारे तणावे हिरवेच होते.

घरच्या काकींनी त्या आठवड्यात चार गोष्टी केल्या. जळका भाग वाईट दिसतो म्हणून एका जुईचा शेंडा आणि पश्चिमेकडच्या सगळ्या फांद्या कापल्या. दोन्ही जुईंना मूठमूठ युरिया दिला. रोज संध्याकाळी नळी धरून दहा मिनिटं पाणी घालायच्या त्या वीस मिनिटं घालायला लागल्या. आणि कृष्णकमळावर हिरवी जाळी टाकली, ती सरळ पानांवरच. चारही गोष्टी जिव्हाळ्यापोटी केलेल्या आणि चारही अंगाशी आल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कापलेल्या जुईची उरलेली पानं पिवळी पडून गळू लागली, कृष्णकमळ वरून वाळत आलं आणि विहीर तळाला गेली. तेव्हा नीट तपासणी झाली.

तपासणीत काय निघालं

पहिली पाहणी सकाळी साडेसहाला झाली. दुपारी तीन वाजता वेलीने मान टाकली यावरून काहीच कळत नाही. बाष्पीभवन मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त झालं की निरोगी वेलही पानं लोंबवते, ते तिचं स्वतःला वाचवणं आहे. रात्रभरात ती सावरली का, हे सकाळी कळतं. मधुमालती, बोगनवेल आणि जाई तिन्ही सकाळी ताठ होत्या. म्हणजे त्यांना तहान नव्हतीच. दोन्ही जुई आणि कृष्णकमळ सकाळीही मरगळलेले होते. "काकी, संध्याकाळी बघून पाणी घालू नका, पहाटे बघून घाला," असं त्यांना तिथेच सांगितलं गेलं. पुढची सगळी बचत तिथून सुरू झाली.

मग नळीचं माप घेतलं. १५ लिटरची बादली सव्वा मिनिटात भरली, म्हणजे मिनिटाला १२ लिटर, वीस मिनिटांत २४० लिटर. विहिरीचं रोजचं एवढं पाणी बागेला जात होतं. जुईच्या बुंध्यापासून दोन फुटांवर खुरप्याने उकरून पाहिलं तर माती वरची ६-७ सेंटिमीटर ओली आणि त्याखाली धुळीसारखी कोरडी. जुईची पाणी ओढणारी मुळं बहुतेक वरच्या ३०-४५ सेंटिमीटरमध्ये असतात. रोज वरचा थर ओला राहिल्याने नवी मुळं त्या थरात आली होती, आणि दुपारी सर्वांत जास्त तापतो तो हाच थर. स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर पाच सेंटिमीटर खोल खुपसला तेव्हा अडीच वाजता उघड्या मातीत ४९ अंश आले. दहा पावलांवर फणसाखाली पातेऱ्याच्या, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांच्या, थराखाली ३३ होते. वेलीच्या शेंड्याला ऊन चालतं, किंबहुना फुलायला लागतंच. मुळं भाजलेली मात्र तिला चालत नाहीत, आणि इथे वरून रोज पाणी घालून मुळंच भट्टीत बोलावली गेली होती.

नळीचं आणखी एक. २५ मीटर लांब, अर्ध्या इंची काळी नळी उन्हात पडलेली असते तेव्हा तिच्यात तीन लिटर पाणी साठलेलं असतं आणि संध्याकाळी पाचला ते हाताला सोसवत नाही. ते पहिलं पाणी रोज मांडवाच्या पहिल्या खांबाशी असलेल्या जुईला मिळत होतं. नेमकी तीच जुई जास्त खालावली होती.

पाण्याचा खारेपणा मोजायला फिल्टर दुरुस्त करणाऱ्याकडचं टीडीएस मीटर पुरलं. एका लिटरात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते हे मीटर दाखवतं. एप्रिलच्या सुरुवातीला १,१५० आकडा आला. जुई, जाई, मोगरा ही मंडळी खाऱ्या पाण्याला हळवी आहेत. हजाराच्या वर गेलं की पानांची टोकं जळायला लागतात, असा कामापुरता हिशेब धरावा. शिवाय काकी पानं 'थंड करायला' वरून फवारा मारत. पाणी उडून जातं, मीठ पानावर राहतं. पानाच्या खालच्या टोकाला, जिथे थेंब लोंबतो, तिथेच जळकं टिकलीएवढं चट्टं दिसतं. लूने, म्हणजे कोरड्या गरम वाऱ्याने, भाजलेलं पान कडेने सारखं जळतं, मिठाने भाजलेलं टोकापासून. दोन्ही एकाच वेलीवर होती.

पिवळेपणाचं तिसरं कारण लाल कोळी. पांढरा कागद पानांखाली धरून फांदीला टिचकी मारली तर कागदावर टाचणीच्या अग्राएवढे लालसर ठिपके चालू लागले. कोरडी गरम हवा कोळ्याला मानवते. पानावर सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके दिसतात आणि लोक ते पाण्याची कमतरता समजून आणखी पाणी घालतात.

राहिली भिंत. पश्चिमेची चिऱ्याची भिंत साडेतीनला हात टेकवता येऊ नये इतकी तापलेली होती आणि रात्री दहालाही कोमट होती. लोखंडी जाळी भिंतीला खिळ्यांनी चिकटून ठोकलेली. मध्ये हवा खेळायला बोटभर फट नव्हती. म्हणजे कृष्णकमळाला दुपारभर आकाशाकडून ऊन आणि मध्यरात्रीपर्यंत भिंतीकडून शेक.

पाण्याचा हिशेब

एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. हे एकदा डोक्यात बसलं की घरच्या घरी हिशेब जमतो. एप्रिल-मे मध्ये किनाऱ्यावर दिवसाला ५ मिलिमीटर उडून जातात असं धरलं, वेलीच्या पसाऱ्याचं क्षेत्र घेतलं आणि तगून राहण्यापुरतं म्हणून ०.७ ने गुणलं. दोन्ही जुईंचा मांडवावरचा पसारा मिळून ६ चौरस मीटर: ६ × ५ × ०.७ = २१ लिटर रोज. कृष्णकमळ ४ चौरस मीटर: १४ लिटर.

पण हे रोज द्यायचं नाही, साठवून द्यायचं. प्रत्येक जुईला दर तिसऱ्या दिवशी ३० लिटर ठरवलं. बुंध्यापासून २० सेंटिमीटर सोडून ६० सेंटिमीटरपर्यंत गोल आळं केलं तर त्याचं क्षेत्र बरोबर एक चौरस मीटर भरतं. ३० लिटर म्हणजे ३० मिलिमीटर. या भरड जांभ्या मातीला १० सेंटिमीटर खोली भिजवायला साधारण १० मिलिमीटर लागतात, म्हणजे ओल ३० सेंटिमीटर जाते. मुळं जिथे हवीत तिथपर्यंत, आणि त्याखाली कातळाच्या फटीत वाया न जाता.

कृष्णकमळाची माती वीतभरच होती, तिथे ३० लिटर मावत नाहीत. म्हणून त्याला एक दिवसाआड २५. जुनी मधुमालती आठवड्यातून एकदा ६०. कुंडीतली लसूणवेल रोज ३, कारण कुंडीला उधारी चालत नाही. जाईला विहिरीचं पाणी शून्य, तिला न्हाणीचं पुरत होतं. बोगनवेल शून्य, गोकर्ण शून्य. बेरीज: जुई १४०, कृष्णकमळ ८७, मधुमालती ६०, लसूणवेल २१. आठवड्याला ३०८ लिटर, दिवसाला ४४. आधी २४० जात होतं.

बोगनवेलीचं शून्य काकींना सर्वांत जड गेलं. पण जमिनीत रुजलेली जुनी बोगनवेल पाण्यावर माजते आणि पाण्याच्या ताणावर फुलते. रोजच्या पाण्याने ती नुसती पानं आणि काटे वाढवत होती, आणि नळीच्या वीस मिनिटांतली सहा-सात मिनिटं तिच्यावर जात होती. ज्या वेलीला पाणी नको होतं तिच्या वाट्यातूनच बाकीच्यांचा उन्हाळा निघाला. गोकर्णही खोल सोटमूळ सोडते आणि वर्षाच्या वर्षाला बियांतून सहज येते. तिच्या तपकिरी झालेल्या शेंगा तडकण्याआधी काढून कागदाच्या पुडीत ठेवल्या आणि वेल वाळू दिली. सगळंच वाचवायला निघालं की काहीच वाचत नाही, पाणी मोजून असतं तेव्हा तर नाहीच.

काम

आधी मातीचं. एप्रिलमध्ये खोल खणायचं नाही, एकही मूळ तोडायचं नाही, हा पहिला नियम. आळं फक्त कड उचलून केलं, दहा सेंटिमीटर उंच, उताराच्या बाजूला थोडी जास्त. भाताच्या खाचरातली चिकण माती दोन घमेली आणि पूर्ण कुजलेलं शेणखत एक घमेलं मिसळून आळ्यात दोन बोटं पसरलं, म्हणजे पाणी एका जागी भोक पाडून खाली जात नाही. कोरडी ठणठणीत माती पहिलं पाणी नाकारते, ते कडेने वाहून जातं. म्हणून पहिल्या दिवशी आधी पाच लिटर, अर्ध्या तासाने आणखी पाच आणि मग उरलेलं. युरियाचं मीठ खाली लोटायला त्या दिवशी जुईंना दुप्पट दिलं. त्यासाठी टाकीत राखलेलं पावसाचं गोडं पाणी वापरलं.

आळ्यावर आंबा-फणसाचा पातेरा आठ-दहा सेंटिमीटर जाड. त्यावर नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पालथी, म्हणजे फुगीर बाजू वर. जमिनीवर आच्छादन म्हणून घालायची तेव्हा सोडणं पालथी, आणि चरात पुरायची तेव्हा उताणी, वाटीसारखी, म्हणजे त्यात पाणी साठतं. यात उलटसुलट झालं तर वर उताण्या ठेवलेल्या सोडणात अवकाळी सरीचं पाणी साचून डास होतात. बुंध्याभोवती वीतभर जागा उघडी ठेवायची, वाळवीसाठी. त्याबद्दल पुढे येतंच.

पाणी द्यायला नळी बंद केली आणि चिऱ्यांच्या मीटरभर उंच चौथऱ्यावर २०० लिटरचा पिंप ठेवला. इथे ठिबकचे बाजारी ड्रिपर बसवायचा मोह होतो. मीटरभर उंचीवरून दाब मिळतो एक दशांश बार. दाब सारखा राखणारे ड्रिपर त्याच्या पाच-दहा पट दाबाशिवाय नीट चालत नाहीत. म्हणून ड्रिपर न लावता १६ मिलिमीटरच्या मुख्य नळीला ४ मिलिमीटरच्या बारीक नळ्या टोचल्या, प्रत्येक आळ्यात चार, आणि प्रत्येक वेलीच्या फांदीनळीला छोटा कॉक. पिंपाच्या तोंडाला गाळणी आणि वर धोतराचं दुपदरी फडकं. जांभ्याच्या विहिरीतला लाल गाळ बारीक नळ्या आठवड्यात बंद करतो. पिंपावर आतून रंगाने खुणा केल्या. या पिंपात ६० लिटर म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर पाणी. खुणेपासून खुणेपर्यंत सोडलं की दोन्ही जुईंचं माप झालं, घड्याळ बघायला नको. पिंप पहाटे भरायचा, रात्रभर विहिरीत झरून आलेलं पाणी तेव्हा मिळतं आणि ते गारही असतं. उन्हात तापलेल्या टाकीचं पाणी संध्याकाळी सोडू नये.

सावलीसाठी ५० टक्क्यांची जाळी पश्चिमेच्या बाजूने तिरकी, पानांपासून दीड फूट दूर. पानांना टेकलेली जाळी तापते आणि वाऱ्याने घासून कोवळे शेंडे सोलते, कृष्णकमळाचं तसंच झालं होतं. सकाळचं ऊन पूर्ण येऊ दिलं. ७५ टक्क्यांची जाळी जुई-मोगऱ्यावर घालू नये, वेल हिरवी दिसते पण कळी धरत नाही. मांडवावर जाळीऐवजी नारळाचे झाप बांधले. झापातून ऊन कवडशांनी उतरतं आणि वारा अडत नाही. पश्चिमेच्या अंगाला जिथे फांद्या कापल्या होत्या तिथे जुईची उघडी पडलेली खोडं गोणपाटाने सैलसर गुंडाळली, कारण पानांच्या आड वाढलेल्या सालीला थेट ऊन लागलं की ती तडकते.

कृष्णकमळाची जाळी भिंतीपासून सोडवली, मध्ये लाकडी ठोकळे घालून १५ सेंटिमीटर फट ठेवली आणि आडव्या सळयांवर सुंभ (काथ्याची दोरी) गुंडाळला. नवे तणावे सुंभाला धरतात, लोखंडाला नाही. पत्र्याच्या शेडकडे वळलेले मधुमालतीचे फाटे सोडवून मागे बांधले, तापलेल्या पत्र्याला टेकलेला कोवळा शेंडा एका दुपारीत जातो.

खत पूर्ण बंद. कापणंही बंद. जळकी पानं तशीच राहू दिली. जळकं पान खालच्या पानाला आणि खोडाला सावली देतं, आणि एप्रिलमध्ये कापल्यावर वेल जे कोवळे फुटवे काढते ते पोसायला तिच्याकडे पाणी नसतं. कोळ्यासाठी कडुनिंबाचं तेल मारलं नाही, कारण तेलाचा थर आणि ३५ अंशांचं ऊन एकत्र आलं की पान तळून निघतं. दर तिसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या वेळी गोड्या पाण्याचा जोरकस फवारा, पानांच्या खालून, असे पाच वेळा. एका वेळेला चार लिटर पुरतात.

न्हाणीचं पाणी जाईला जुन्या काळापासून जात होतं आणि ती त्यावर सुखी होती. कपडे धुण्याच्या मशीनचं पाणीही तिकडे वळवायचा घरच्यांचा विचार होता, तो थांबवला. कपड्यांच्या पावडरीत सोडियम भरपूर असतो, माती घट्ट होते आणि मुळं गुदमरतात. शेवटच्या खळबळीचं पाणी चालेल, पहिलं नाही. फरशीचं फिनेल किंवा संडासाचं ॲसिड त्या मोरीत कधीही नको. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मात्र लसूणवेलीला बिनदिक्कत.

कुंडी पूर्वेच्या पडवीत नेली आणि मोठ्या घमेल्यात वाळू भरून त्यात बसवली, कुंडीच्या भिंतीला ऊन लागू नये म्हणून. वरचा दोन इंच थर काथ्याच्या भुश्याचा. भुसा तीनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घेतला. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांचा भुसा मिठाने भरलेला असतो. पिळलेल्या पाण्याचा टीडीएस मूळ पाण्याच्या जवळ येईपर्यंत धुवायचा.

काय बिघडलं

कृष्णकमळाशी पाच लिटरचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं होतं. चार दिवसांनी पाहिलं तर पाणी जवळजवळ तेवढंच. भोवती मुरुमाचे खडे होते, मडक्याच्या अंगाला माती टेकलीच नव्हती. मडकं पाझरतं ते भोवतीची माती ओढून घेते म्हणून, पोकळीत पाझरत नाही. काढून, भोवती चिकण मातीचा लगदा दाबून पुन्हा बसवलं तेव्हा दोन दिवसांत रिकामं होऊ लागलं. पण मचूळ पाण्यात मडक्याची भोकं मिठाने बुजतात. महिन्याने बाहेरून पांढरी पुटं आली तेव्हा ते काढून नारळाच्या शेंडीने घासून, दिवसभर गोड्या पाण्यात ठेवावं लागलं. मचूळ पाण्याच्या गावात मडक्यावर फार भिस्त ठेवू नये.

दुसरं वाळवी. एका जुईच्या बुंध्याशी घरातल्या कुणीतरी झाडताना पातेरा लोटला आणि दहा दिवसांत खोडावर मातीच्या वाटा चढल्या. वाटा खरवडून काढल्या, बुंधा उघडा केला, आठवडाभर रोज पाहिलं. साल शाबूत होती म्हणून निभावलं.

मे महिन्यात टीडीएस १,६०० वर गेला. तेव्हा जुईंना विहिरीचं पाणी अर्धं आणि टाकीतलं गोडं पाणी अर्धं असं केलं. शेडच्या पत्र्यावरचं ऑक्टोबरातलं पाणी बंद काळ्या टाकीत १,००० लिटर ठेवलेलं होतं. ते नसतं तर जुई गेल्या असत्या असं म्हणायला जागा आहे. पत्र्याच्या दहा चौरस मीटरवर दहा मिलिमीटरची एक सर पडली तरी १०० लिटर येतात. मेमधल्या अवकाळी सरीही तशाच धराव्यात, फक्त पहिली पाच मिनिटं पत्र्याची धूळ वाहून जाऊ द्यावी.

निकाल

न कापलेल्या जुईला तिसऱ्या आठवड्यात पेरांतून फुटवे आले आणि मेच्या मध्याला संध्याकाळी ओंजळभर फुलं निघाली. कापलेल्या जुईचं पश्चिमेचं खोड हातभर खालपर्यंत मेलं. नखाने साल खरवडत खाली यायचं, हिरवं लागलं तिथे थांबायचं, अशी खूण करून ठेवली आणि पहिल्या पावसानंतरच कापलं. बुडातून तीन फुटवे आले. एकसारख्या दोन वेलींत फरक होता तो मार्चमधल्या कात्रीचा आणि नळीतल्या त्या गरम पाण्याचा.

कृष्णकमळ वरचं सगळं गेलं. त्याची मुळं मात्र जिवट असतात. जूनमध्ये मूळ जागेपासून दीड फुटावर जमिनीतून दोन कोंब निघाले, सुंभाच्या जाळीवर चढवले गेले. मधुमालती मेमध्ये फुलली. पाणी तोडलेली बोगनवेल एप्रिलअखेर अशी भरली की गडगा दिसेना.

मेच्या शेवटच्या आठवड्यात झाप आणि जाळी उतरवली, मिरगाआधीच्या वादळी वाऱ्यात ती वेलीसकट फाटतात. त्याच दिवशी प्रत्येक आळ्याची उताराकडची कड फोडली. उन्हाळ्यात जीव वाचवणारं आळं जूनमध्ये तसंच राहिलं तर त्यात पाणी तुंबून जुईची मुळं कुजतात. कोकणात उन्हाळ्यातून वाचलेल्या कितीतरी वेली अशा जुलैत जातात.

पुढचं काम दसऱ्याच्या सुमाराचं. जुईपासून दोन फुटांवर ३० सेंटिमीटर रुंद, ४० खोल, मीटरभर लांब चर, त्यात सोडणांचे दोन थर उताणे, मध्ये माती. सोडण स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त पाणी धरतं आणि पाच-सहा वर्षं टिकतं. जुईची छाटणी जानेवारीअखेर, म्हणजे मार्चपर्यंत पानं पक्की होतात. शेवटचं खत फेब्रुवारीच्या सुरुवातीला, जाळी आणि झाप मार्चच्या पहिल्या आठवड्यात वर. पिंपाच्या चौथऱ्याशी आता आठ मिलिमीटरची एक सळई उभी असते, ३० सेंटिमीटरवर लाल रंगाची खूण केलेली. पहाटे ती आळ्यात दाबायची. खुणेपर्यंत सहज गेली तर त्या दिवशी कॉक उघडायचा नाही.